संत गोन्सालो गार्सिया : वसईच्या घराने मिशनला दिलेला पुत्र

भारतात जन्मलेले पहिले संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. पिता पोर्तुगीज, माता वसईचीच. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंपाशी शिकून पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते त्यांच्यासमवेत जपानला गेले. तेव्हा जहाजाने खुशाली कळायला वर्ष उलटे; मागे राहिलेल्यांना आधार प्रार्थनेचाच.

पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांनी क्रुसावर रक्तसाक्ष दिली. पोप नववे पायस यांनी १८६२ मध्ये त्यांना संत घोषित केले.

ज्या घरचा मुलगा आज शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वा दूरदेशी मिशनसेवेत आहे, त्या घराने सायंप्रार्थनेत त्याचे नाव नित्य घ्यावे. त्याच्या सेवेत घराचाही वाटा आहे.