सोहिरोबानाथ : बांद्याचे कुळकर्णी आणि त्यांची पदे



गणेशोत्सवात किंवा आषाढी एकादशीला मराठी मंडळाचे भजन रंगात आले, की पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी घरोघर पोचवलेले एक पद बहुतेक ठिकाणी म्हटले जाते. हरीच्या भजनावाचून दिवस फुकट दवडू नकोस आणि आत तेवणारा दिवा विझू देऊ नकोस, असे विनवणारे ते पद. अनेकजण ते तुकाराम महाराजांचे समजतात. पण शेवटच्या चरणाकडे कान दिला तर कवीने आपले नाव तिथे स्वच्छ घेतलेले आहे : सोहिरा. हा सोहिरा म्हणजे संत सोहिरोबानाथ आंबिये. त्यांच्या चरित्राची थोडी ओळख या अंकात करून द्यावी, असे आम्ही ठरवले.

सोहिरोबांचा जन्म १७१४ सालचा, बांदे गावचा. बांदे, म्हणजे आजचे बांदा, सध्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. गोव्याचा पेडणे तालुका तिथून हाकेच्या अंतरावर. आंबिये घराणे मूळचे पेडणे महालातलेच. आज मध्ये दोन राज्यांची सीमा आहे, पण सोहिरोबांच्या बालपणी तिचा मागमूस नव्हता. बांदे, पेडणे, डिचोली हा सगळा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. माणसे नदी ओलांडून लग्नाला, जत्रेला, बाजाराला जात. पोर्तुगीजांनी १७८१ मध्ये डिचोली घेतली आणि १७८८ मध्ये पेडणे त्यांच्याकडे गेले, तेव्हा सोहिरोबा वृद्ध झाले होते. म्हणजे जिथून आपले घराणे आले तो महाल त्यांच्या हयातीतच परक्या राजवटीत गेला. त्यांची पदे मात्र दोन्हीकडे गायली जात राहिली.

घराण्याकडे बांद्याचे कुळकर्णीपण होते. कुळकर्णी म्हणजे गावचा हिशेबनीस. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, हे सगळे मोडी लिपीत दप्तरात मांडायचे आणि वरून बोलावणे आले की दप्तर घेऊन हजर व्हायचे. मानाचे आणि पोटापाण्याचे हे काम, पण त्यात दोन्हीकडून बोलणी खावी लागत. सरकारला वसूल हवा असे आणि कुळाला सूट हवी असे. पुढे ज्या माणसाने निरपेक्षतेची पदे रचली त्याने आपली उमेदीची वर्षे अशा व्यवहारात घालवली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या कवितेला जो रोखठोकपणा आहे तो आम्हाला तरी या दप्तरातून आलेला वाटतो.

आता फणसाची गोष्ट. कोकणात आणि उत्तर गोव्यात ती पोराटोरांनाही ठाऊक असते. सावंतवाडीच्या दरबारातून एके दिवशी तातडीचे बोलावणे आले. जेवायलाही सवड नव्हती, म्हणून घरातला पिकलेला फणस त्यांनी बरोबर घेतला. बांदे ते सावंतवाडी ही वाट तेव्हा इन्सुलीच्या दाट रानातून जाई. भूक लागल्यावर सोहिरोबा वाटेत पाण्याच्या कडेला बसले, फणस फोडला आणि गरे काढू लागले. तेवढ्यात कोणीतरी हिंदुस्थानीत खायला मागितले. समोर एक तेजस्वी योगी उभा होता. सोहिरोबांनी आधी त्याच्यापुढे गरे ठेवले आणि मग स्वतः खाल्ले. तो योगी म्हणजे गहिनीनाथ, आणि त्यांनी त्याच जागी सोहिरोबांना उपदेश केला, असे परंपरा सांगते. त्यानंतर सोहिरोबांचे मन दप्तरात रमेना. त्यांनी कुळकर्णीपण सोडले आणि नावापुढे नाथ हे पद आले.

चौकस मुले इथे एक प्रश्न विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. गहिनीनाथ हे निवृत्तीनाथांचे गुरू, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातले. सोहिरोबा त्यांच्यानंतर साडेचारशे वर्षांनी जन्मले. मग ही भेट झाली कशी? नाथ संप्रदायाचे उत्तर सोपे आहे : नाथ चिरंजीव आहेत, ते केव्हाही, कोणालाही दर्शन देतात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी गोष्ट अशी वाचावी की रानात भेटलेल्या कोणा नाथपंथी साधूकडून सोहिरोबांना दीक्षा मिळाली. आम्हाला दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान दिसते. गहिनीनाथांचे नाव घेऊन सोहिरोबांनी आपले नाते थेट ज्ञानेश्वरांच्या गुरुपरंपरेशी जोडले. त्यांच्या पदांत सोहं, अनाहत नाद, उन्मनी असे योगमार्गातले शब्द येतात ते या वाटेने. आणि फणसाचे म्हणाल, तर कोकणातल्या माणसाला देव भेटायचा तर फणसाच्या दिवसांतच भेटणार, दुसरे काय!

पदे कशी सुचली, हे बहुतेक जुन्या कवींच्या बाबतीत आपल्याला कळत नाही. पेडणे-डिचोली भागातली धालोची गाणी घ्या, नाहीतर शिगम्याची. रचणाऱ्याचे नाव कधीच पुसून गेलेले असते आणि गाणे सगळ्या गावाचे होऊन बसते. सोहिरोबांच्या बाबतीत मात्र गाणे कसे जन्मले याच्या आठवणी गाण्याबरोबरच टिकल्या आहेत. ते लिहायला म्हणून बसत नसत. काही पाहिले, कोणी काही विचारले, कोणी डिवचले, की पद मुखातून निघे. जवळ असलेली त्यांची बहीण ते उतरवून घेई, असे सांगतात. तिचा उल्लेख चरित्रांत एखाद्या ओळीत उरकतात, हे आम्हाला बरोबर वाटत नाही. ज्याला स्वतःच्या रचनेचा संग्रह करायचा नाही, अशा भावाची पदे तिने लिहून घेतली नसती तर त्यांतली कितीतरी वाऱ्यावर गेली असती. आज ज्या पदांवर भजनी मंडळे स्पर्धा जिंकतात, त्यांच्या पाठीशी तिचीही लेखणी आहे.

अर्थात सोहिरोबांनी केवळ सुटी पदेच रचली असे नाही. ‘अक्षयबोध’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अद्वयानंद’, ‘सिद्धांतसंहिता’ आणि ‘महदनुभवेश्वरी’ हे त्यांचे ग्रंथ आहेत. ते वेदान्ताचे आणि योगाचे असल्यामुळे अभ्यासकच त्यांच्या वाटेला जातात. लोकांनी उचलली ती पदे, कारण ती लोकांच्या डोळ्यांसमोरच्या वस्तूंनी भरलेली आहेत. सुरुवातीला सांगितलेले पदच पाहा. दोरीला साप समजून भिण्याचा दाखला वेदान्तातला, पुस्तकी आहे. पण त्याच पदात ते सांगतात की बोलावे ते विवेकाचा ओलावा टिकेल असे, आपलेच मत पुढे रेटून उगाच चिखल कालवू नये. ओल आणि चिखल यांतला फरक भातशेतीच्या गावात राहिलेल्या माणसालाच इतका नेमका कळतो. ओल असली तर बी रुजते. नुसताच तुडवलेला चिखल अंगावर उडतो. मुलांना हे पद शिकवताना चाल बसवण्याआधी एवढे जरी समजावले, तरी ती ते वेगळ्या रीतीने म्हणतील.

उतारवयात सोहिरोबा उत्तरेच्या यात्रेला निघाले. नाथपंथीयांना प्रिय असलेल्या गिरनारला ते गेले आणि फिरत फिरत ग्वाल्हेरला पोचले. या प्रवासात त्यांनी हिंदीतही पदे केली. ग्वाल्हेरला तेव्हा महादजी शिंदे यांचा अंमल होता, आणि महादजींच्या विश्वासातले सेनानी होते जिवबादादा बक्षी. हे जिवबादादा म्हणजे पेडण्यातील केरी गावचे केरकर. पुढे १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्यांनीच केले. नकाशा काढून पाहा : बांद्यावरून वाहणारी तेरेखोल नदी समुद्राला मिळते ती केरीपाशी. एकाच नदीच्या काठचे दोघेजण घरापासून इतक्या दूर भेटले. जिवबादादांनी आपल्याकडच्या या साधूला मोठ्या आदराने महादजींसमोर नेले.

महादजी हे नुसते तलवारबहाद्दर नव्हते. ते कृष्णभक्त होते आणि स्वतः भक्तिपर कविता करीत. त्यांनी आपल्या कविता सोहिरोबांपुढे ठेवल्या आणि अभिप्राय विचारला. उत्तर हिंदुस्थानातल्या सर्वांत बलाढ्य सरदाराची कविता! दरबारात बसलेल्या कोणालाही काय बोलायचे ते सांगावे लागले नसते. सोहिरोबांना मात्र त्यात अनुभवाचा ओलावा दिसला नाही, आणि त्यांनी ते तसेच सांगून टाकले. महादजी संतापले. जिवबादादांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. शिफारस त्यांची, गाववाला त्यांचा आणि धनी समोर लाल झालेला! त्या क्षणी सोहिरोबांनी तिथल्या तिथे एक हिंदी पद म्हटले. आम्ही फकीर आहोत, आम्हाला तुझी गरज नाही आणि तुझ्या दौलतीची पर्वाही नाही, असा त्याचा आशय. म्हणून झाल्यावर ते उठून चालते झाले. महादजींना मागाहून पश्चात्ताप झाला आणि त्यांनी क्षमा मागितली, असे सांगतात.

ही गोष्ट सांगणारे बहुधा साधूच्या निर्भयतेवर थांबतात. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गाणे कशातून यावे, याविषयीचे सोहिरोबांचे मत या एका प्रसंगात उघडे पडले आहे. महादजींची भक्ती खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. पण कविता दाखवण्यासाठी पुढे केली, दाद मिळावी म्हणून, आणि तिथे सोहिरोबांचे आणि त्यांचे बिनसले. ज्याने आपले कुळकर्णीपण सोडून दिले आणि आपली पदे जपण्याचीही फिकीर केली नाही, तो दुसऱ्याच्या कवितेला गोड खोटे कसे लावणार? त्यातून जे हिंदी पद जन्माला आले ते आजही गवई बैठकीत गातात.

ग्वाल्हेर सोडल्यावर सोहिरोबा उज्जैनला येऊन राहिले. तिथल्या मठातून १७९२ साली रामनवमीच्या दिवशी ते नाहीसे झाले, असे संप्रदायात मानतात. वय अठ्ठ्याहत्तर. इसवी सन १७९२ म्हणजे शके १७१४. जन्म इसवी सन १७१४ चा आणि प्रयाण शके १७१४ चे, हा योगायोग गणिताच्या तासाला सांगायला हरकत नाही.

त्यांच्या मुलखात त्यांचे नाव आज अनेक ठिकाणी भेटते. पेडणे तालुक्यातील विर्नोडा येथल्या सरकारी महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव दिलेले आहे. इन्सुलीला, जिथे फणसाची घटना घडली असे मानतात तिथे, त्यांचे स्थान आहे आणि भाविक जातात. पण खरी आठवण भजनात आहे. पोर्तुगीज राजवटीतही पेडणे-डिचोलीच्या देवळांतून मराठी भजन चालू राहिले. साखळीजवळच्या विठ्ठलापुरात राण्यांचे विठ्ठलमंदिर आहे. अशा देवळांच्या चौकांत पखवाज, झांजा आणि पेटी घेऊन गावकरी बसत आले. नमन, रूपाचा अभंग, मग पदे, गौळण आणि शेवटी भैरवी असा तिथला क्रम. सोहिरोबांची पदे त्यात अशी मिसळून गेली आहेत, की म्हणणाऱ्याला कवीचे नाव विचारावे लागत नाही. ते शेवटच्या चरणात येतेच. मंगेशीला जन्मलेल्या अभिषेकीबुवांनी (१९२९–१९९८) हे गाणे लहानपणापासून ऐकलेल्या कानांनी स्वीकारले, म्हणूनच त्यांच्या मैफिलीतही देवळातल्या भजनाचा वास राहिला.

पुढच्या भजनाला मुलांना बसवाल तेव्हा शेवटचा चरण घाईत उरकू नका. सोहिराचे नाव तिथे नीट ऐकू येऊ द्या.