काळी पाच

रेडिओ सिलोनवर सकाळी जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं सैगलचं, हे कित्येक वर्षं ठरलेलं होतं. ते लागलं की आठ वाजत आले हे घड्याळ न बघता कळायचं. आवाज इतका पिकलेला, की गाणारा चांगला साठी-सत्तरीचा असावा असं वाटतं. पण कुंदनलाल सैगल गेले तेव्हा अवघे ४२ वर्षांचे होते!

११ एप्रिल १९०४ चा त्यांचा जन्म, जम्मूचा. वडील अमरचंद तहसीलदार. आई केसरबाई भजनं म्हणायची, आणि लेकाला गाण्याची गोडी लागली ती तिच्यामुळेच. घराण्याची रीतसर तालीम अशी नाहीच. शाळा लवकर सुटली. मग रेल्वेत टाइमकीपर, पुढे रेमिंग्टन कंपनीचे टाइपरायटर विकत गावोगाव फिरणं. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने महिना २०० रुपयांवर घेतलं आणि १९३५ च्या ‘देवदास’ने त्यांना घराघरांत पोचवलं. त्याच वर्षी आशाराणींशी लग्न झालं. १९४१ मध्ये मुंबईला रणजीत स्टुडिओत आले. ‘भक्त सूरदास’, ‘तानसेन’ गाजले. पैसा, नाव, सगळं मिळालं.

आणि दारूही सुटेना. लोक म्हणतात ‘देवदास’ने घात केला. मला हे पटत नाही. पडद्यावरचा देवदास दारापाशी मरून मोकळा होतो, घरच्यांचं पुढे काय झालं ते सिनेमात कुणी दाखवत नाही.

सैगल पेल्याला ‘काळी पाच’ म्हणत, म्हणजे पेटीवरची काळी पट्टी. काळी पाच घेतल्याशिवाय सूर लागत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. संगीतकार नौशाद यांनी ‘शाहजहान’ (१९४६) च्या वेळची आठवण सांगून ठेवली आहे. त्यांनी एकच गाणं पिऊन आणि न पिता, असं दोन्ही तऱ्हांनी गाऊन घेतलं आणि सैगलना ऐकवलं. त्यांना आवडलं ते न पिता गायलेलं! तू आधी भेटला असतास तर चार वर्षं जास्त जगलो असतो, अशा अर्थाचं काहीतरी ते नौशादना म्हणाले. तोवर यकृत पार निकामी होत आलं होतं.

१८ जानेवारी १९४७ रोजी जालंधरला ते गेले. संसाराला जेमतेम बारा वर्षं झालेली, पोटची मुलं लहान. ‘परवाना’ तर त्यांच्यामागे पडद्यावर आला. लता मंगेशकरांनी तेव्हा हौसेने नवा रेडिओ घेतला होता. त्यावर ही बातमी ऐकली आणि त्यांनी तो रेडिओ परत करून टाकला.

यकृताचा स्वभाव सोशिक बाईसारखा, बरंच बिघडेपर्यंत कण्हत नाही. आधी त्यावर चरबी चढते, मग सूज, मग ते आक्रसून कडक होतं. त्यालाच सिऱ्होसिस म्हणतात. चरबीच्या टप्प्यावर दारू थांबवली तर ते बहुतेकदा सावरतं. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, रक्ताची उलटी झाली, म्हणजे फार उशीर झालेला असतो. सैगलांच्या काळी हे आधी कळायला ना सोनोग्राफी होती, ना आजच्यासारख्या रक्ताच्या तपासण्या.

आज आहेत. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आशाताई फॉर्म भरायला येतात, त्यात दारू-तंबाखूचाही प्रश्न असतो. वस्तीत फिरताना मी बघते, तिथे बायको पटकन ‘नाही’ सांगून मोकळी होते. लाज वाटते, मी समजू शकते. पण त्या कागदावर खरं लिहिलं तरच डॉक्टर पुढे यकृताची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करायला सांगतील ना! ‘मला काय धाड भरलीय’ म्हणणाऱ्या नवऱ्याला बीपीच्या निमित्ताने न्यावं, हा उपाय बऱ्याच जणींना लागू पडला आहे.

आणि एक, जो रोज भरपूर पितो त्याची बाटली रागाच्या भरात एकदम बंद करू नका. हातपाय थरथरतात, भास होतात, फिटसुद्धा येते, प्रसंगी जिवावर बेततं. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन.