परक्यांपुढें पसरलेला पदर : पंडिता रमाबाई

पुण्याहून सोलापूरकडे आगगाडीनें जातांना दौंडच्या अलीकडे केडगांव हें लहानसें स्टेशन लागतें. या गांवाचें नांव सातासमुद्रांपलीकडे नेणाऱ्या पंडिता रमाबाईंचें चरित्र प्रत्येक विद्यार्थ्यानें व विद्यार्थिनीनें मनन करावें असें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या अरण्यांतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं रूढीस न जुमानतां पत्नीस संस्कृत शिकविलें. मातेनें तें धन कन्येस दिलें. पुढें मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत आईवडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई व बंधु श्रीनिवास अर्धपोटीं पायीं देश हिंडलीं. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु लवकरच बंधु वारले आणि १८८२ सालीं पतीही निवर्तले. तान्ह्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या. येथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला आणि स्त्रियांस शिक्षिका व डॉक्टर होण्याची सोय व्हावी, असें हंटर कमिशनपुढें निर्भयपणें सांगितलें.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं त्या अमेरिकेस पोंचल्या आणि तेथें गांवोगांव व्याख्यानें देऊन हिंदी विधवांची दैना त्यांनीं लोकांपुढें मांडली. डिसेंबर १८८७ मध्यें बोस्टन येथें निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या लोकांनीं एकत्र येऊन रमाबाई असोसिएशन स्थापन केली व दहा वर्षें साहाय्य देण्याचें पत्करलें. या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढल्याच वर्षीं तें पुण्यास आलें.

विद्यार्थिनींवर धर्म लादावयाचा नाहीं, असें ठरलें होतें. तथापि कांहीं मुली बाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, तेव्हां शहरांत मोठें वादळ उठलें. १८९३ सालीं रानडे, भांडारकर यांसारखे सल्लागार दूर झाले. कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. बाई डगमगल्या नाहींत.

खरी कसोटी पुढेंच होती. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील मुली अन्नान्न करीत असल्याचें कळतांच बाई स्वतः तिकडे धांवल्या. आपल्या लहानपणींची भूक त्या विसरल्या नव्हत्या. शेंकडों मुली त्यांनीं आणल्या. इतक्यांत पुण्यांत प्लेग उद्भवला. नव्या मुली शहरांत ठेवण्यास सरकारी अधिकाऱ्यांनीं मनाई केली. मग केडगांवच्या शेतावर तंबू व झोंपड्या उभारून त्यांनीं निराश्रितांचें गांवच वसविलें. प्लेगच्या सरकारी इस्पितळांत स्त्रियांची होणारी हेळसांडही त्यांनीं वर्तमानपत्रांतून उघड केली.

दहा वर्षांची मुदत संपतांच १८९८ सालीं बाई पुन्हां अमेरिकेस गेल्या व नवें साहाय्य मिळवून परतल्या. १९०० सालच्या गुजराथेंतील दुष्काळानंतर मुक्तिसदनांतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. येथें मुलींस केवळ अन्न मिळत नसे. त्या अक्षरें शिकत, विणीत, शेती करीत, छापखाना चालवीत. दुसऱ्याच्या दयेवर जगण्याची पाळी त्यांजवर पुन्हां येऊं नये, हा बाईंचा हेतु होता.

१९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. १९२१ सालीं मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं बाईंनींही देह ठेविला.

बालमित्रहो, स्वतःसाठीं हात पसरणें लाजिरवाणें खरें. पण निराधारांसाठीं पदर पसरावयास फार मोठें धैर्य लागतें. तें धैर्य या मातेपाशीं होतें.