विश्लेषण : कोल्हापूरच्या छत्रपतींचे अंत्यसंस्कार थेट इटलीत का झाले? स्मशानाची जागा कशी ठरली?

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात अर्नो नदीच्या काठी फेटा बांधलेल्या एका तरुण भारतीय राजाचा अर्धपुतळा आहे. वर भारतीय धाटणीची छत्री आहे. स्थानिक लोक या जागेला नुसते ‘इंदियानो’, म्हणजे ‘भारतीय’ असे म्हणतात. हा भारतीय म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे). ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी त्यांचे तेथे निधन झाले. दहनाची प्रथाच नसलेल्या देशात, ऐन थंडीत, काही तासांत त्यांच्या अंत्यसंस्कारांसाठी जागा शोधावी लागली.

राजाराम महाराज (दुसरे) कोण होते?

कोल्हापूरच्या परंपरेत राजाराम नावाचे तीन छत्रपती मानले जातात. पहिले शिवाजी महाराजांचे पुत्र, तर तिसरे राजर्षी शाहू महाराजांचे पुत्र. मधले, म्हणजे दुसरे राजाराम महाराज फारसे चर्चेत नसतात. त्यांचा जन्म १८५० मधील. पाटणकर घराण्यातील नागोजीराव हे त्यांचे मूळ नाव. १८६६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज ऊर्फ बाबासाहेब यांचे निधन झाले आणि दत्तक आलेले नागोजीराव ‘राजाराम’ या नावाने गादीवर बसले. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते.

संस्थानाच्या कारभारावर इंग्रजांची देखरेख होती. महाराजांचे शिक्षणही त्याच देखरेखीखाली झाले. इंग्रजी त्यांना चांगले अवगत होते आणि शिक्षणाबद्दल आस्था होती. कोल्हापुरात १८८० मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव देण्यात आले. आजचे राजाराम महाविद्यालय ते हेच.

विसाव्या वर्षी विलायतेला जाण्याचे धाडस का मोठे होते?

त्या काळी समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जाई. परदेशी जाऊन आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे, जातीबाहेर पडण्याची भीती असे. सामान्य माणसाची ही गत, तर छत्रपतींच्या गादीवरील राजाने काळे पाणी ओलांडणे ही किती मोठी गोष्ट असेल, याची कल्पना करता येते. तरीही मे १८७० मध्ये महाराज मुंबईहून निघाले. सुएझ कालवा खुला होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. विलायतेला जाणाऱ्या पहिल्या हिंदू राज्यकर्त्यांत त्यांची गणना होते.

सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी आणि महाराजांचे नोकरचाकर होते. इंग्लंडमधील मुक्कामात महाराजांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली. राज्य गमावून तेथे राहणारे पंजाबचे महाराजा दुलीपसिंग यांनाही ते भेटले. संसद, कारखाने आणि संस्था पाहिल्या. रोज पाहिलेले ते इंग्रजीत डायरीत उतरवत. वेस्ट यांनी संपादित केलेली ही डायरी १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. ती लिहिणारा ती पाहायला राहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर काय घडले?

नोव्हेंबरमध्ये महाराज परतीला निघाले. सोपी वाट फ्रान्समधून होती, पण फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले होते. सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला होता. त्यामुळे बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रियातील टायरॉल आणि आल्प्स ओलांडून इटली असा लांबचा मार्ग घ्यावा लागला. नोव्हेंबरअखेर आल्प्सच्या शिखरांवर बर्फ असते. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या तरुणाला ही थंडी नवी होती.

इन्सब्रुक येथे महाराजांची प्रकृती बिघडली. थंडी बाधली आणि सांधेदुखीने घेरले. त्याच अवस्थेत त्यांना फ्लॉरेन्सला आणण्यात आले. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीच्या राज्याची राजधानी होते. मात्र उपचारांना यश आले नाही आणि ३० नोव्हेंबरला महाराजांनी प्राण सोडला.

पेच नेमका काय होता?

हिंदू राजाला अग्नी द्यायचा, तोही लवकरात लवकर. पण ख्रिस्ती युरोपात मृतदेहाचे दफन हाच रिवाज होता. फ्रँकिश सम्राट शार्लमेनने आठव्या शतकातच सॅक्सन लोकांना दहन करण्यास बंदी घातली होती. इटलीत १८७० मध्ये एकही दाहिनी नव्हती आणि शहराच्या हद्दीत चिता रचण्याची सोयही नव्हती.

याआधी परदेशात निधन झालेल्या नामवंत भारतीयांचे काय झाले, हे पाहिले की पेच स्पष्ट होतो. राजा राममोहन रॉय यांचे १८३३ मध्ये ब्रिस्टल येथे निधन झाले. त्यांचे दफन करण्यात आले आणि दहा वर्षांनी अवशेष दुसऱ्या दफनभूमीत हलवण्यात आले. द्वारकानाथ टागोर १८४६ मध्ये लंडनमध्ये वारले. त्यांनाही तेथील केन्सल ग्रीन दफनभूमीतच जागा मिळाली. फ्लॉरेन्समध्येही परदेशी प्रोटेस्टंटांसाठी स्वतंत्र दफनभूमी होती. मात्र महाराजांच्या सोबतच्या मंडळींना दफन मान्य होण्यासारखे नव्हते. आधीच समुद्र ओलांडलेला राजा विधीविना मातीत गेला असता, तर कोल्हापुरात काय उत्तर द्यायचे, हा प्रश्न होताच.

जागा कशी ठरली?

ब्रिटिश वकिलातीमार्फत इटालियन अधिकाऱ्यांशी बोलणी झाली आणि विशेष बाब म्हणून दहनाला परवानगी मिळाली. जागा निवडताना दोन गोष्टी जुळल्या. एक, ती वस्तीपासून दूर हवी होती. दुसरी, ती धर्माला धरून हवी होती. शहराच्या पश्चिमेला काशिने नावाचे लांबलचक उद्यान आहे. त्याच्या अगदी टोकाला मुन्योने ही छोटी नदी अर्नोला मिळते. हाच संगम निश्चित झाला.

कोल्हापूरच्या माणसाला या निवडीचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. पंचगंगा हीच मुळी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती यांच्या एकत्र येण्यातून झालेली नदी. प्रयाग चिखलीचा संगम पवित्र मानला जातो आणि करवीरच्या छत्रपतींच्या समाध्याही पंचगंगेच्या काठावरच आहेत. परक्या मुलुखात गंगा नव्हती, पंचगंगा नव्हती, पण दोन नद्यांचा संगम होता. ‘काशिने’ हे नाव काशीच्या जवळ जाणारे असावे, हा निव्वळ योगायोग.

३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबरच्या मधल्या रात्री चिता रचण्यात आली. सोबतच्या मंडळींनी विधी केले आणि सकाळपर्यंत दहन पूर्ण झाले. फ्लॉरेन्सच्या नागरिकांसाठी हे दृश्य अभूतपूर्व होते. रक्षेचा काही भाग अर्नोत सोडण्यात आला, तर उर्वरित अस्थी गंगेत विसर्जनासाठी भारतात नेण्यासाठी घेण्यात आल्या.

या घटनेला युरोपच्या इतिहासात महत्त्व का?

दहनाच्या बाजूने युरोपात नुकतीच चर्चा सुरू झाली होती. १८६९ मध्ये फ्लॉरेन्समध्येच भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत काही डॉक्टरांनी आरोग्याच्या कारणास्तव दहनाची मागणी केली होती. त्याच शहरात वर्षभराने प्रत्यक्ष चिता पेटली. पुढे १८७६ मध्ये मिलान येथे आधुनिक दाहिनीत पहिले दहन झाले. इंग्लंडमध्ये दहन कायद्याने चालते, हे १८८४ मध्ये न्यायालयात स्पष्ट झाले आणि पुढच्या वर्षी वोकिंग येथे पहिले दहन झाले. कॅथलिक चर्चने मात्र १८८६ मध्ये दहनाला औपचारिक बंदी घातली. ती १९६३ मध्ये उठली. महाराजांच्या दहनामुळे हे सारे घडले असे म्हणता येणार नाही, पण बदलाच्या उंबरठ्यावर युरोपने पाहिलेली ही एक ठळक घटना होती.

स्मारक कोणी उभारले?

दहनाच्या जागी १८७४ मध्ये स्मारक उभे राहिले. पुतळा फ्लॉरेन्समध्ये राहणारे इंग्रज शिल्पकार चार्ल्स फुलर यांनी घडवला. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हे नाव कोल्हापूरकरांना परके नाही. कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा यांचे आराखडे मँट यांचेच. म्हणजे नव्या राजवाड्याचे दगड रचले जाण्याआधी त्याच वास्तुविशारदाने कोल्हापूरच्या राजासाठी परदेशात छत्री उभी केली होती. स्मारकावर चार भाषांत मजकूर कोरलेला आहे. शेजारी १९७८ मध्ये पूर्ण झालेल्या पुलालाही ‘इंदियानो’चेच नाव मिळाले. त्यावरून रोज हजारो वाहने जातात.

त्यानंतर कोल्हापूरच्या गादीचे काय झाले?

महाराजांनंतर पुन्हा दत्तकविधान झाले आणि १८७१ मध्ये शिवाजी महाराज (चौथे) गादीवर आले. त्यांचाही अंत दुर्दैवी ठरला. वेडे ठरवून त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि तेथेच १८८३ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षीच, त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर मार्च १८८४ मध्ये दत्तक आलेले यशवंतराव घाटगे म्हणजेच राजर्षी शाहू महाराज. लागोपाठ दोन तरुण छत्रपती गमावलेल्या कोल्हापूरला शाहू महाराजांच्या रूपाने स्थैर्य लाभले.

पुढे एका अस्थिकलशाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात झाली होती, पण रुजू होण्याआधीच १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी अमेरिकेत पोकिप्सी येथे, त्यांना आईची माया देणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवण्यात आल्या. हिवाळ्यात तेथे बर्फ पडते. राजाराम महाराजांची छत्रीही परक्याच थंडीत उभी आहे. मात्र एका संगमावर, नदीच्या सोबतीने.