विश्लेषण : नर्सच्या वॉर्डातून डॉक्टरच्या परवान्यापर्यंत... एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी ही वाट कशी काढली?

नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी किंवा दंतवैद्यक शिकणाऱ्या अनेकांच्या मनात कधी ना कधी एमबीबीएसचा विचार येऊन जातो. आपल्याकडे त्यासाठी आडवाट नाही. आधीची पदवी असली तरी पुन्हा नीट द्यायची, जागा मिळवायची आणि पहिल्या वर्षाच्या बाकावर जाऊन बसायचे. नीटसाठीची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकण्यात आल्याने तिशी ओलांडलेलेही आता हा विचार करू शकतात, एवढाच काय तो दिलासा. पण ज्या देशात आणि ज्या काळात स्त्रीला नर्स होता येई, डॉक्टर मात्र होता येत नसे, तिथे हा बदल एका तरुणीने कसा साधला? इंग्लंडमध्ये वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळवणाऱ्या आणि स्त्री म्हणून उघडपणे डॉक्टरकी करणाऱ्या पहिल्या महिला एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांची ही गोष्ट. तिचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो.

डॉक्टर होण्याचा विचार आला कुठून?

एलिझाबेथ यांचा जन्म ९ जून १८३६ रोजी लंडनच्या व्हाइटचॅपल भागात झाला. वडील न्यूसन गॅरेट पुढे सफोक किनाऱ्यावरच्या ऑल्डबरो गावी परतले आणि धान्य, कोळसा व माल्टच्या व्यापारात त्यांनी चांगला पैसा कमावला. स्नेप गावातली त्यांनी उभारलेली माल्टची कोठारे आजही उभी आहेत आणि तिथे संगीताच्या मैफली होतात. घरात मुलाबाळांचे लेंढार होते. मुलींना लंडनजवळच्या शाळेत पाठवण्याइतके वडील पुढारलेले होते, पण शाळा संपली की घरी यायचे आणि लग्नाची वाट पाहायची, हाच रिवाज.

एलिझाबेथ यांनी घरी बसून लॅटिन आणि गणित चालू ठेवले. १८५९ मध्ये त्यांची भेट एलिझाबेथ ब्लॅकवेल यांच्याशी झाली. ब्लॅकवेल यांनी अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवली होती आणि त्या लंडनमध्ये व्याख्याने देत होत्या. ती ऐकून गॅरेट यांचा निश्चय झाला. मैत्रीण एमिली डेव्हिस, एलिझाबेथ आणि धाकटी बहीण मिलिसेंट या तिघींनी शेकोटीपुढे बसून कामे वाटून घेतल्याची एक कथा नेहमी सांगितली जाते : एमिलीने विद्यापीठाची दारे उघडायची, एलिझाबेथने वैद्यकाची, आणि छोट्या मिलीने मताधिकार मिळवायचा. प्रसंग घडला असो वा नसो, पुढे झाले मात्र तसेच. एमिली यांनी केंब्रिजचे गर्टन कॉलेज उभारले आणि मिलिसेंट फॉसेट स्त्रीमताधिकार चळवळीच्या नेत्या झाल्या.

मुलीचा बेत ऐकून वडील प्रथम संतापले, आईने तर रडून आकांत केला. मात्र लंडनच्या नामांकित डॉक्टरांची दारे मुलीबरोबर ठोठावताना आणि एकेक नकार ऐकताना न्यूसन गॅरेट यांचा पवित्रा बदलला. मुलीला नाही म्हणणाऱ्यांवरच ते चिडले.

मग नर्स का झाल्या?

कारण त्या दाराने आत जाता येत होते. कोणत्याही वैद्यकीय शाळेत स्त्रीला प्रवेश नव्हता, पण वॉर्डात नर्स लागतच होत्या. ऑगस्ट १८६० मध्ये गॅरेट लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स म्हणून रुजू झाल्या. नर्सिंगचे शास्त्रशुद्ध शिक्षणही तेव्हा नुकते सुरू होत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची सेंट थॉमस रुग्णालयातली शाळा त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली. एरवी नर्सचे काम म्हणजे कमी पगार, जड कष्ट आणि समाजात फारसा मान नाही. खात्यापित्या घरातली मुलगी तिथे येते, हेच नवल होते.

नर्सच का राहत नाहीस, असे विचारणाऱ्याला गॅरेट यांनी वर्षाला वीस पौंडांपेक्षा हजार पौंड मिळवणे मला जास्त आवडेल, अशा अर्थाचे उत्तर दिल्याचे सांगतात. उत्तर मिश्कील असले तरी मुद्दा पैशापुरता नव्हता. रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ नर्स असे, आणि निर्णयात तिला अजिबात स्थान नसे.

वॉर्डातले काम करता करता त्यांनी शिकायला सुरुवात केली. वैद्यकीय शाळेने प्रवेश नाकारला, पण रुग्णालयातल्या औषधतज्ज्ञाकडे लॅटिन, ग्रीक आणि औषधशास्त्र खासगीरीत्या शिकायला परवानगी मिळाली. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्रासाठी त्यांनी संध्याकाळचा शिक्षक ठेवला. डॉक्टरांच्या फेऱ्यांबरोबर फिरणे, शस्त्रक्रिया पाहणे, मग रसायनशास्त्राची व्याख्याने, मग शवविच्छेदनाची खोली, असे एकेक पाऊल त्या पुढे सरकल्या. नर्स म्हणावे तर त्या नर्स राहिल्या नव्हत्या आणि विद्यार्थी म्हणून कुठे नाव नव्हते.

हे चालले ते त्यांची हुशारी उघडी पडेपर्यंत. १८६१ मध्ये फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर फक्त गॅरेट यांना देता आले. थोड्याच दिवसांत विद्यार्थ्यांनी रुग्णालयाकडे अर्ज केला की, या बाईंना वर्गात बसू देऊ नये. अर्ज मान्य झाला. रसायनशास्त्र आणि औषधशास्त्रातली गौरवाची प्रमाणपत्रे घेऊन त्यांना बाहेर पडावे लागले.

विद्यापीठांनी काय केले?

ऑक्सफर्ड, केंब्रिज, एडिंबरा, ग्लासगो... सगळीकडून नकार. लंडन विद्यापीठात १८६२ मध्ये स्त्रियांना परीक्षेला बसू द्यावे का, यावर सिनेटमध्ये मतदान झाले. समसमान मते पडली आणि कुलपतींचे निर्णायक मत विरोधात गेले. एका मताने हुकलेली ही संधी स्त्रियांना तिथे मिळायला १८७८ उजाडले.

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात तर त्यांनी शुल्क भरले, नोंदणी झाली, हातात कागदही पडला. मग सिनेटने ती नोंदणीच बेकायदा ठरवली. तिथल्या एका प्राध्यापकांनी मात्र त्यांना खासगीरीत्या शिकवले. हे चित्र पुढेही दिसते. संस्था नाही म्हणत होत्या, आणि त्याच संस्थांतली काही माणसे मागच्या दाराने हात देत होती.

परवाना मिळाला तो नेमका कसा?

यासाठी त्या काळची ब्रिटिश व्यवस्था थोडी समजून घ्यायला हवी. डॉक्टर होण्याचे एकूण तीन मुख्य रस्ते होते. विद्यापीठाची पदवी घेऊन फिजिशियन व्हायचे, रॉयल कॉलेजची परीक्षा देऊन सर्जन व्हायचे, किंवा सोसायटी ऑफ अपॉथेकरीज या जुन्या मंडळाचा परवाना घ्यायचा. अपॉथेकरी म्हणजे मुळात औषधे बनवून देणारा, पण १८१५ च्या कायद्याने त्याला रुग्ण तपासून उपचार करण्याचाही परवाना मिळू लागला होता. दर्जाने ही पायरी सर्वांत खालची. १८५८ च्या वैद्यकीय कायद्याने अधिकृत नोंदवही सुरू केली आणि या तिन्ही वाटांनी येणाऱ्यांची नावे तिच्यात येऊ लागली.

गॅरेट यांना फट सापडली ती इथे. अपॉथेकरींच्या नियमांत स्त्रियांना मनाई नव्हती. मनाई लिहून ठेवावी लागेल, असे कुणाला कधी वाटलेच नव्हते. अटी मात्र कडक होत्या : अपॉथेकरीकडे पाच वर्षांची उमेदवारी, मान्यताप्राप्त शिक्षकांकडे ठरावीक विषयांचे शिक्षण आणि रुग्णालयातला अनुभव. उमेदवारी मिडलसेक्समधल्या औषधतज्ज्ञाकडे नोंदवली गेली. वर्गात बसता येत नसल्याने प्रत्येक विषय खासगी शिकवणीने, जास्त पैसे मोजून पुरा करावा लागला. रुग्णालयाच्या अनुभवासाठी त्या पुन्हा नर्स झाल्या, या वेळी लंडन हॉस्पिटलमध्ये.

इथे न्यूसन गॅरेट यांच्या तिजोरीचा उल्लेख टाळून चालणार नाही. तेवढीच हुशार, तेवढीच जिद्दी, पण गरीब घरातली एखादी नर्स ही वाट चालू शकली नसती. शेवटच्या टप्प्यावर सोसायटी मागे हटू लागली, तेव्हा कोर्टात खेचण्याची धमकी देणारेही वडीलच होते.

२८ सप्टेंबर १८६५ रोजी त्यांना परवाना मिळाला. परीक्षेला बसलेल्या सात जणांपैकी तिघे उत्तीर्ण झाले आणि सर्वाधिक गुण गॅरेट यांचे होते. योगायोग असा की, दोनच महिन्यांपूर्वी लष्करी सर्जन जेम्स बॅरी यांचे निधन झाले होते. जन्माने स्त्री असलेल्या बॅरी यांनी पुरुष म्हणून १८१२ मध्ये एडिंबराची पदवी घेतली आणि सारी हयात डॉक्टरकीत घालवली. हे उघड झाले ते मृत्यूनंतर.

सोसायटीने लगेच नियम बदलले. खासगी शिक्षण घेतलेल्यांना यापुढे परीक्षेला बसता येणार नाही, असे ठरले. वैद्यकीय शाळा स्त्रियांना घेत नव्हत्या, म्हणजे वाट बंद. गॅरेट आत गेल्या आणि त्यांच्या मागे दार लागले.

पदवी पॅरिसची का?

परवाना हाती होता, पण एमडी नव्हती. १८६६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी सेंट मेरीज डिस्पेन्सरी उघडली. शहरात कॉलऱ्याची साथ होती. पहिल्याच वर्षी तीन हजार नवे रुग्ण आले. स्त्री डॉक्टरकडे कोण जाणार, या प्रश्नाचे उत्तर दारापुढच्या रांगेने दिले.

पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने १८६८ च्या सुमारास स्त्रियांना दार उघडले, तेव्हा गॅरेट यांनी फ्रेंचची तयारी केली, दवाखाना सांभाळत एकेक परीक्षा दिली आणि १५ जून १८७० रोजी एमडी मिळवली. प्रबंधाचा विषय होता अर्धशिशी. पॅरिसची एमडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ब्रिटिश नोंदवहीने मात्र ही परदेशी पदवी मान्य केली नाही. नोंदवहीत त्या अपॉथेकरी सोसायटीच्या परवान्यावरच राहिल्या.

त्याच वर्षी लंडन स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत त्या उभ्या राहिल्या आणि सर्व उमेदवारांत सर्वाधिक मते घेऊन निवडून आल्या. १८७१ मध्ये जहाज कंपनीतले जेम्स स्केल्टन अँडरसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर काम सुटेल, ही अनेकांची अटकळ खोटी ठरली. तीन मुले झाली, त्यांतली मार्गारेट लहानपणीच मेंदूज्वराने गेली.

१८७३ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्यांना सदस्य करून घेतले, आणि नंतर यापुढे स्त्रिया नकोत, असा ठराव केला. तब्बल १९ वर्षे त्या तिथे एकट्या स्त्री सदस्य होत्या. १८७४ मध्ये मानसरोगतज्ज्ञ हेन्री मॉडस्ली यांनी उच्च शिक्षण स्त्रीच्या शरीराला झेपत नाही, असा लेख लिहिला. गॅरेट अँडरसन यांच्या उत्तराचा रोख साधा होता : घरोघरच्या मोलकरणी महिन्याचे तीसही दिवस राबतात, त्यांच्या प्रकृतीची काळजी कुणाला पडलेली दिसत नाही.

त्यांची सगळीच मते आज पटतील असे नाही. वेश्याव्यवसायातील स्त्रियांची सक्तीने तपासणी करणाऱ्या कायद्यांना त्यांचा पाठिंबा होता आणि त्यावरून चळवळीतल्या अनेक सहकारी त्यांच्यावर नाराज होत्या. डॉक्टर म्हणून त्यांना रोगाचा प्रसार दिसत होता. पकडून आणलेल्या बाईची अवहेलना त्यांनी कमी लेखली, असेच म्हणावे लागते.

महाराष्ट्राशी धागा कोणता?

सोफिया जेक्स-ब्लेक यांनी १८७४ मध्ये लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन सुरू केले. गॅरेट अँडरसन यांना ही घाई वाटत होती, दोघींचे स्वभावही जुळणारे नव्हते, तरीही त्या कामात उतरल्या. १८७६ च्या कायद्याने परीक्षा मंडळांना स्त्रियांना परवाना देण्याची मुभा दिली आणि पुढच्या वर्षी रॉयल फ्री रुग्णालयाने विद्यार्थिनींना वॉर्ड खुले केले. १८८३ पासून १९०३ पर्यंत गॅरेट अँडरसन या शाळेच्या अधिष्ठाता होत्या.

त्याच १८८३ मध्ये जेक्स-ब्लेक यांच्या एडिंबरातील लढ्यातल्या सहकारी एडिथ पेची मुंबईत कामा रुग्णालयाचे काम सांभाळायला आल्या. बालपणी झालेले लग्न नाकारून कोर्टाला सामोऱ्या गेलेल्या रखमाबाईंच्या पाठीशी ज्या व्यक्ती उभ्या राहिल्या, त्यांत पेची होत्या. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या, त्या याच शाळेत. तेव्हा अधिष्ठातापदी गॅरेट अँडरसन होत्या. १८९४ मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि परतून सुरत व राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. मिडलसेक्सच्या वॉर्डात गॅरेट यांना मिळाली नव्हती ती गोष्ट, म्हणजे वर्गातली हक्काची जागा, रखमाबाईंना पहिल्या दिवसापासून मिळाली.

पुढे काय झाले?

डिस्पेन्सरीचे १८७२ मध्ये न्यू हॉस्पिटल फॉर विमेन झाले होते. तिथे डॉक्टरही स्त्रियाच. निवृत्तीनंतर त्या ऑल्डबरोला गेल्या आणि १९०८ मध्ये गावाच्या महापौर झाल्या, इंग्लंडमधल्या पहिल्या महिला महापौर. १७ डिसेंबर १९१७ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी पहिले महायुद्ध सुरू होते आणि त्यांची मुलगी डॉ. लुइझा, सहकारी डॉ. फ्लोरा मरे यांच्यासह, लंडनच्या एंडेल स्ट्रीटवर जखमी सैनिकांचे लष्करी रुग्णालय चालवत होती. तिथल्या डॉक्टर, सर्जन आणि नर्स, सगळ्या स्त्रिया होत्या.