कीटकशास्त्रज्ञ बेंजामिन वॉल्श

बेंजामिन वॉल्श यांचा जन्म इ. स. १८०८ मध्ये इंग्लंडात झाला. केंब्रिज येथे शिकत असता त्यांची चार्ल्स डार्विन यांच्याशी ओळख झाली. वॉल्श मोठे व्यासंगी. ग्रीक नाटकांची भाषांतरेही त्यांनी केली. परंतु इ. स. १८३८ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि इलिनॉय राज्यात शेती करू लागले. पुढे त्यांनी लाकडाचा व्यापार केला. पन्नाशीच्या सुमारास मात्र सर्व व्यवसाय सोडून त्यांनी कीटकांच्या अभ्यासास वाहून घेतले. इलिनॉयचे ते पहिले सरकारी कीटकशास्त्रज्ञ होत.

त्या काळी अमेरिकेतील बागाईतदारांवर नवे संकट आले होते. सफरचंद कापावे, तो आत अळ्या! हे झाड मूळचे अमेरिकेतील नव्हे. युरोपीय वसाहतकारांनी ते तेथे नेले. ही अळी मात्र युरोपात कोठेच नव्हती. मग ती आली कोठून? रानातील हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाच्या लहान फळांवर जगणारी माशीच सफरचंदाकडे वळली, असे वॉल्श यांनी इ. स. १८६७ मध्ये सांगितले. अशा परोपजीवी किड्यांनी पिढ्यान् पिढ्या निरनिराळ्या झाडांचा आश्रय केला, तर एका जातीच्या दोन जाती होतील, हा विचार त्यांनी इ. स. १८६४ मध्येच मांडला होता.

नोव्हेंबर १८६९ मध्ये लोहमार्गावरून जात असता त्यांना आगगाडीची धडक बसली व त्यांचा एक पाय कापावा लागला. आता बुचाच्या पायात टाचण्या खोचता येतील, असा विनोद त्यांनी त्या स्थितीतही केला! पण थोड्याच दिवसांत त्यांचा अंत झाला. त्यांचा कीटकसंग्रह इ. स. १८७१ च्या शिकागोच्या आगीत भस्मसात झाला.

डोंगर किंवा समुद्र आड आल्यावाचून नवी जाती होत नाही, असे विद्वान दीर्घकाळ मानीत. इ. स. १९६० नंतर गाय बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने वॉल्श यांचा विचार पुन्हा हाती घेतला. ही माशी ज्या फळात अंडी घालते, त्याच फळावर तिला जोडीदार भेटतो. शिवाय सफरचंद आधी पिकते, हॉथॉर्न तीनचार आठवड्यांनी. त्यामुळे झाडे शेजारी असूनही दोन्हीकडच्या माश्यांची गाठ क्वचितच पडते. ब्लूबेरीवरील माशी तर दिसावयास हुबेहूब तशीच. प्रयोगशाळेत दोघींचा संकरही होतो. परंतु रानात झुडुपांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असल्या, तरी त्या माश्या आपापले फळ सोडीत नाहीत. त्या दोन वेगळ्या जाती आहेत. सफरचंदावरील माश्या अद्याप इतक्या दूर गेलेल्या नाहीत. हॉथॉर्नवरील माश्यांहून त्यांचे आनुवंशिक गुण वेगळे होत चालल्याचे इ. स. १९८८ मध्ये दिसून आले. तरी काही माश्या अजून एकमेकींच्या झाडांवर जातात.