टी-परीक्षिकेचे जनक : विल्यम सीली गॉसेट



बी.एड., एम.एड.च्या संशोधनात टी-परीक्षिका तुमच्यापैकी अनेकांनी वापरली असेल. सूत्रात आकडे घातले, पुस्तकामागचा तक्ता पाहिला, निष्कर्ष लिहिला, झालं! पण हा तक्ता मुळात कोणी बनवला आणि का? चला, आज पाहूया.

जन्म, शिक्षण व नोकरी

विल्यम सीली गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमध्ये त्यांनी गणित व रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. १८९९ मध्ये ते आयर्लंडमधील डब्लिन शहरात गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत रुजू झाले. म्हणजे हा माणूस प्राध्यापक नव्हता, कारखान्यातला नोकरदार होता, बरं का!

अडचण काय होती?

बिअरसाठी चांगली बार्ली लागते. कोणतं वाण चांगलं, हे शेतात पेरून पाहायचं. पण एका प्रयोगाला अख्खा हंगाम जातो, त्यामुळे हाती निरीक्षणं यायची मोजकीच. त्या काळच्या पद्धती मोठ्या नमुन्यासाठी होत्या. नमुना लहान असला की आकड्यांचा फैलाव किती, हा अंदाजच चुकू शकतो. मग निष्कर्षावर वाजवीपेक्षा जास्त भरवसा ठेवला जातो.

१९०६-०७ मध्ये गॉसेट लंडनला कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेले. तिथे त्यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. ३००० कैद्यांची उंची व डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांच्या नोंदी उपलब्ध होत्या. त्या त्यांनी कार्डांवर लिहिल्या, कार्डं पिसली आणि चार-चारचे ७५० गट केले. लहान नमुन्याची सरासरी किती हेलकावे खाते, हे गणिताने काढलेलं उत्तर त्यांनी या गटांवर ताडून पाहिलं.

१९०८ मध्ये त्यांचा लेख बायोमेट्रिका या नियतकालिकात आला. कंपनीच्या नियमामुळे स्वतःच्या नावाने लिहिता येत नव्हतं. म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं : स्टुडंट, म्हणजे विद्यार्थी.

रिग्रेशनमध्ये उपयोग

गॉसेट यांच्या उत्तराची पक्की गणिती सिद्धता रोनाल्ड फिशर यांनी दिली. १९२२ मध्ये त्यांनी हेच तंत्र रिग्रेशनलाही लागू पडतं हे दाखवलं. रिग्रेशन म्हणजे समाश्रयण. एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज देणारी रेषा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाच मुलांनी रोज १, २, ३, ४, ५ तास अभ्यास केला आणि त्यांना अनुक्रमे १०, १३, ११, १५, १४ गुण मिळाले. रेषा काढली तर चढ येतो १. म्हणजे एका तासामागे एक गुण वाढला. छान! पण हा चढ खरा की योगायोग?

इथे शून्य परिकल्पना अशी, की अभ्यासाचे तास आणि गुण यांचा संबंधच नाही, खरा चढ ० आहे. आपल्या चढाची प्रमाण त्रुटी ०.४९ येते. १ भागिले ०.४९ म्हणजे टी = २.०४. मोठ्या नमुन्यात ५ टक्के सार्थकता स्तरावर १.९६ च्या पुढे गेलं की परिकल्पना फेटाळतात. त्या हिशोबाने आपण पास! पण पाच निरीक्षणांतून चढ आणि रेषेची सुरुवात असे दोन अंदाज काढले, म्हणून स्वाधीनता मात्रा उरते ३. तिथे तक्ता ३.१८ मागतो. आपण नापास! याचा अर्थ संबंध नाही असा नव्हे. एवढ्या पुराव्यावर तो सिद्ध झाला नाही, इतकंच.

समीकरणात तास, हजेरी, झोप असे अनेक घटक असले तरी प्रत्येकाची अशीच परीक्षा घेता येते. कोणता घटक ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हे ठरवायला तिची मदत होते. मात्र विषयाची जाण हवीच. नुसत्या तक्त्यावर सगळं सोडायचं नसतं.

स्वभाव व अखेर

पिअर्सन आणि फिशर यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. गॉसेट मात्र दोघांचेही स्नेही राहिले. बागकाम, सुतारकाम आणि मासेमारी हे त्यांचे छंद होते. १९३५ मध्ये ते कंपनीच्या लंडनमधील नव्या कारखान्यात गेले. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते त्याच कंपनीच्या सेवेत होते.

मित्रांनो, आपल्या वर्गातही मुलं मोजकीच असतात. दोन चाचण्यांवरून एखादं मूल हुशार किंवा कच्चं ठरवण्याआधी या विद्यार्थ्याची आठवण ठेवूया. पुरावा थोडा असेल, तर निकालाची घाई नको.